दगडी तोफेच्या सावलीतला गोलंदाज

माझं बालपण देवळाली कॅम्पात गेलं. तोफखान्याचा सराव सुरू झाला की लांबच्या माळावरून धडाड् असा आवाज यायचा आणि पाठोपाठ घरातल्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. आई फडताळातल्या कपबशा जरा आत सरकवायची आणि पुन्हा पोळ्या लाटायला बसायची. आम्हा पोरांसाठी तोफ म्हणजे नुसता आवाज होता. ती ओढतं कोण, तिला गोळे आणून देतं कोण, तिच्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाचं काय होतं, हे प्रश्न कधी मनात आले नाहीत. ते आले कितीतरी वर्षांनी, भाच्याकडे लंडनला गेलो असताना, हाइड पार्क कॉर्नर नावाच्या गजबजलेल्या चौकात एका दगडी तोफेसमोर उभं राहिल्यावर.

त्या स्मारकाचं नाव रॉयल आर्टिलरी मेमोरियल. ब्रिटिश तोफखान्याचं हे स्मारक 18 ऑक्टोबर 1925 रोजी उघडलं गेलं. पहिल्या महायुद्धात तोफखान्याची 49,076 माणसं मेली, त्यांच्यासाठी ते बांधलं आहे. शिल्पकार चार्ल्स सार्जंट जॅगर आणि वास्तुरचनाकार लायोनेल पिअरसन. मी आजवर पाहिलेल्या युद्धस्मारकांपैकी इतकं खरं बोलणारं स्मारक दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे. ते तसं का वाटतं, दगड आणि ब्राँझ यांतून एखादी गोष्ट कशी सांगितली जाते, हे समजावून घेण्याचा हा प्रयत्न.

सुरुवातीला एक शब्द सोडवून घेऊ. रेजिमेंट म्हटलं की आपल्याला हजारेक माणसांची पलटण आठवते. ब्रिटिश तोफखाना मात्र आकाराने केवढाही वाढला तरी कागदोपत्री एकच रेजिमेंट राहिला. 1716 साली दोन कंपन्यांनिशी सुरू झालेली ही रेजिमेंट पहिल्या महायुद्धात लाखोंची झाली. म्हणून मेलेल्यांचा आकडाच जवळजवळ पन्नास हजारांपर्यंत जातो. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाची अख्खी लोकसंख्या.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पायदळाच्या पलटणींना निशाण असतं, रेशमी, जरतारी. लढाईत ते शत्रूच्या हाती पडणं ही मोठी नामुष्की. तोफखान्याला असं कापडी निशाण नसतं, त्याची तोफ हेच त्याचं निशाण. भारतीय तोफखान्यातही हीच रीत आहे. ब्रिटिश तोफखान्याच्या बोधचिन्हावर ‘युबिक्वे’ हा लॅटिन शब्द असतो, अर्थ ‘सर्वत्र’. आपल्या तोफखान्याचं ब्रीद ‘सर्वत्र इज्जत-ओ-इकबाल’, त्यातला ‘सर्वत्र’ तिथूनच चालत आलेला. भारतीय तोफखाना आपला स्थापनादिन 28 सप्टेंबरला पाळतो, कारण 1827 साली त्या दिवशी मुंबई इलाख्याच्या तोफखान्यातली एक तुकडी उभी राहिली आणि ती आजही टिकून आहे. म्हणजे लंडनच्या त्या चौकातलं स्मारक आपल्याला वाटतं तितकं परकं नाही.

तर, निशाण म्हणजे तोफ. आता स्मारकाच्या माथ्यावर तोफ का आहे, ते आपोआप कळतं. त्या जागी राजा नाही, पंख पसरलेली विजयदेवता नाही, घोड्यावरचा सेनापतीही नाही. फक्त तोफ.

तोफ कोणती, आणि दगडाचीच का

युद्ध संपता संपता तोफखान्याने स्मारकासाठी निधी उभारला आणि एक समिती नेमली. समितीने त्या काळच्या नामवंत वास्तुरचनाकारांना विचारलं. त्यांत एडविन ल्यूटेन्स होते, नवी दिल्ली वसवणारे आणि इंडिया गेटची रचना करणारे तेच. त्यांनी आराखडे करून दिले. ल्यूटेन्स यांची शैली संयमी होती. सरळ रेषा, कोरे दगड, माणसाची आकृती शक्यतो टाळायची. लंडनमधलं त्यांचं सेनोटॅफ असंच आहे, एक उंच, गप्प दगड. समितीला मात्र गप्प दगड नको होता. लांबून पाहणाऱ्यालाही हे तोफखान्याचंच स्मारक आहे हे कळलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ल्यूटेन्सबरोबर ते जमलं नाही आणि 1921 मध्ये काम जॅगर यांच्याकडे आलं.

जॅगर यांनी माथ्यासाठी निवडली ती 9.2 इंची हॉवित्झर. हॉवित्झरला मराठीत उखळी तोफ म्हणतात आणि नाव चपखल आहे. साध्या तोफेची नळी लांब असते, गोळा सरळ वेगाने समोर जातो. उखळी तोफेची नळी आखूड आणि जाड, तोंड वर केलेलं. मैदानात खेळताना समोरच्या गड्याच्या अंगावर चेंडू सरळ मारणं वेगळं आणि कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडे टाकण्यासाठी उंच उडवणं वेगळं. खंदकात लपलेल्या शत्रूपर्यंत सरळ जाणारा गोळा पोहोचत नाही, तो वरून पडावा लागतो. पहिलं महायुद्ध हे खंदकांचं युद्ध, म्हणून ते उखळी तोफांचंही युद्ध. या तोफेचा एकेक गोळा 290 पौंडांचा, म्हणजे साधारण 130 किलो. सिमेंटच्या अडीच गोण्यांहून जास्त. तोफ इतकी जबरदस्त धक्का द्यायची की ती उसळू नये म्हणून तिच्या पुढ्यात एक पेटी ठेवून त्यात कित्येक टन माती भरावी लागायची.

स्मारकावरची तोफ खऱ्या तोफेपेक्षा साधारण एक तृतीयांशाने मोठी आहे आणि ती पूर्ण दगडाची आहे. इथे क्षणभर थांबलं पाहिजे. युद्धानंतर ब्रिटनमध्ये खऱ्या तोफांना तोटा नव्हता. एखादी आणून चौथऱ्यावर चढवली असती तरी चाललं असतं, आपल्याकडे कितीतरी चौकांत आणि किल्ल्यांच्या दारात तसं केलेलं दिसतं. किंवा ब्राँझमध्ये ओतता आली असती. मग धातूची वस्तू दगडात का कोरायची?

मला समजलं ते असं. ब्राँझची तोफ दगडी चौथऱ्यावर ठेवली असती तर डोळ्याला दोन वस्तू दिसल्या असत्या, चौथरा आणि त्यावर ठेवलेली तोफ. दगडाची केल्यामुळे ती चौथऱ्यातूनच उगवल्यासारखी दिसते. खालपासून वरपर्यंत सगळं एकच पांढरट ढेकूळ, प्रचंड जड. आणि त्या जडपणाच्या चारही बाजूंना, खाली, काळसर ब्राँझची माणसं. खऱ्या जगात तोफ धातूची आणि माणूस हाडामांसाचा. जॅगर यांनी अदलाबदल केली, तोफेला दगड दिला आणि माणसाला धातू. त्यामुळे नजर आधी तोफेवर जाते खरी, पण खिळते ती माणसांवर.

यात एक तांत्रिक सोयही झाली. दगडाला वरून कितीही ओझं द्या, तो सोसतो. पण एका टोकाला धरून दुसरं टोक हवेत ठेवलं की तो तडकतो, कारण ओढ त्याला सोसत नाही. जुन्या देवळांत दगडी तुळयांखाली इतके जवळजवळ खांब असतात ते यामुळेच. लांब नळीची तोफ दगडात कोरणं फार जोखमीचं ठरलं असतं. उखळी तोफेची आखूड, जाडजूड नळी दगडाच्या स्वभावाला मानवणारी आहे.

या तोफेबद्दल लंडनमध्ये एक गोष्ट हमखास सांगितली जाते. तिच्या नळीचा रोख असा ठेवलाय म्हणे, की इथून गोळा सुटला तर तो फ्रान्समधल्या सोमच्या रणभूमीवर पडेल. गोष्ट ऐकायला छान आहे, पण या जातीच्या तोफेचा सगळ्यात लांबचा पल्लाही 13 किलोमीटरच्या आतबाहेर होता. तो गोळा लंडन शहराबाहेर पडला नसता. लोकांना ती गोष्ट सांगावीशी वाटते याचं कारण मात्र मला समजतं. त्यांची माणसं तिकडेच राहिली होती.

चौथरा

पिअरसन यांचं काम चटकन नजरेत भरत नाही आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलतही नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. चौथऱ्याचा तळ क्रुसाच्या आकाराचा आहे, म्हणजे एक लांब हात आणि त्याला छेद देणारा एक आखूड हात. लांबी सुमारे 13 मीटर, तोफेसकट उंची 9 मीटर. तीन मजली घराएवढं म्हणा, पण घरापेक्षा कितीतरी बसकं. क्रूस ख्रिस्ती माणसाला थडग्याची आणि बलिदानाची आठवण देतो. हा क्रूस मात्र उभा केलेला नाही, जमिनीवर आडवा पडलेला आहे. कोणी न सांगता तो लक्षात येत नाही. वरून पक्ष्याला दिसेल तेवढाच.

आकाराचा उपयोग असा की चार दिशांना चार टोकं तयार झाली आणि प्रत्येक टोकाशी एक पुतळा ठेवता आला. त्यामुळे या स्मारकाला एक दर्शनी बाजू अशी उरत नाही. एका जागी उभं राहून ते पूर्ण दिसत नाही, प्रदक्षिणा घालावी लागते. आणि प्रदक्षिणा घालताना कोणता पुतळा कधी समोर येतो, याला अर्थ आहे.

दगड पोर्टलंडचा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंड बेटातला हा चुनखडीचा दगड, सेंट पॉल कॅथीड्रलही याचंच. मुंबईतल्या जुन्या इमारतींवरची नक्षी ज्या पोरबंदरी दगडात आहे, त्याचा हा दूरचा भाऊबंद. आपला सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट कोरायला चिवट. चुनखडीचा दगड त्या मानाने मऊ, त्यात बारीक काम होतं. पावसाचा मारा जिथे बसतो तिथे तो धुऊन पांढरा होतो, आडोशाच्या जागी काजळी धरून काळा पडतो. शंभर वर्षं लंडनचा पाऊस आणि धूर खाऊन या स्मारकावर ज्या काळ्या-पांढऱ्या छटा आल्यात, त्या अर्ध्या शिल्पकाराच्या आणि अर्ध्या हवेच्या. 2011 मध्ये त्याची मोठी डागडुजी झाली.

तीन जण उभे

दक्षिणेच्या टोकाला अधिकारी उभा आहे. आपला लांब ओव्हरकोट त्याने दोन्ही हातांवर पुढ्यात घेतलाय. तलवार उपसलेली नाही, बोट दाखवून हुकूम देणंही नाही. पूर्वेला गोळे वाहणारा, बळकट बांध्याचा, दोन्ही बाजूंना लांब पिशव्या लटकत असलेला. त्या पिशव्यांमध्ये तोफगोळे. त्या वजनाने खांद्यांवर काय होतं, हे माथाडी कामगाराला किंवा हमालाला सांगावं लागणार नाही.

पश्चिमेला आहे ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे मोटार चालवणारा नव्हे. त्या काळी मैदानी तोफ सहा घोडे ओढायचे. घोड्यांच्या तीन जोड्या, आणि प्रत्येक जोडीतल्या डाव्या घोड्यावर एक स्वार. चिखलातून, गोळ्यांच्या वर्षावातून तोफ मोर्चापर्यंत नेणं आणि परत आणणं, हे त्याचं काम. माणूस लपू शकतो, सहा घोडे कुठे लपवणार? जॅगर यांचा ड्रायव्हर कठड्याला पाठ टेकून उभा आहे. अंगावर बिनबाह्यांचा पावसाळी झगा आणि त्याखाली दोन्ही हात दोन बाजूंना पसरून कठड्यावर टाकलेले. दमलेला माणूस असाच टेकतो, गावाकडे बैलगाडीच्या साटीला टेकलेला गाडीवान मी असा पाहिलाय. पण जरा मागे सरून पाहिलं की ते पसरलेले हात क्रुसावरच्या ख्रिस्ताचे वाटू लागतात. दोन्ही खरं आहे. ख्रिस्त करायचा म्हणून त्याने हात पसरलेले नाहीत, तो आधी दमलेला आहे. मला ही जागा सगळ्या स्मारकात शिल्पकलेच्या दृष्टीने सर्वांत अवघड वाटते. प्रतीक करताना माणूस सुटतो आणि माणूस करताना प्रतीक सुटतं. इथे दोन्ही एकाच खांद्यांवर पेललंय.

जॅगर यांना हे जमलं, कारण ते स्वतः त्या चिखलात उभे राहिले होते. यॉर्कशरमधल्या कोळसाखाणीच्या व्यवस्थापकाचा हा मुलगा. चौदाव्या वर्षी धातूवर नक्षी कोरण्याच्या कामाला लागला, मग कलाशाळा, मग लंडन. 1914 मध्ये रोमला जाऊन शिकण्याची मानाची शिष्यवृत्ती मिळाली, आणि त्याच वर्षी युद्ध सुरू झालं. शिष्यवृत्ती बाजूला ठेवून ते सैन्यात भरती झाले, पायदळात. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला जखमी झाले, पुढे 1918 मध्ये पश्चिम आघाडीवर पुन्हा जखमी झाले, शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉस हे पदक मिळालं. म्हणजे बुटाचा चामडी पट्टा कुठे दुमडतो, भिजलेलं लोकरी कापड कसं लोंबतं, ओझं घेतलेला माणूस कोणत्या पायावर भार देतो, हे त्यांना विचारायला कुठे जावं लागलं नाही.

ब्राँझचं ओतकाम आपल्याला नवीन नाही. आधी मातीत घडवायचं, त्यावरून साचा काढायचा, साच्यात धातू ओतायचा, मग कानस आणि छिन्नीने साफसफाई. गणपतीच्या कारखान्यात शाडूपासून साच्यापर्यंतचा पहिला अर्धा प्रवास आपण दरवर्षी बघतो. मातीत घडवलेलं असल्यामुळे बोटांचा दाब, कापडाचा पोत, सगळं धातूत उतरतं. दगडात छिन्नी मारून काढलेल्या तोफेचे पृष्ठभाग सपाट आणि कठोर, तर माणसांचे कपडे सुरकुत्यांनी भरलेले. हा फरक हात लावून बघण्यासारखा आहे.

भिंतींवरच्या ओळी

चौथऱ्याच्या बाजूंवर दगडात उठावशिल्पं आहेत. उठावशिल्प म्हणजे भिंतीतून थोडंसंच वर आलेलं शिल्प, पूर्ण सुटा पुतळा नव्हे. तोफा, घोडे, तोफांवर काम करणारी माणसं, सगळी दाटीवाटीने, चौकटीत मावत नसल्यासारखी. जॅगर यांना ब्रिटिश म्युझियममधली असीरियाची, म्हणजे आजच्या इराकमधल्या प्राचीन साम्राज्याची, उठावशिल्पं फार आवडायची. सिंहांची शिकार करणारा राजा अशुरबनिपाल, बाण लागून लोळणारे सिंह. अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं ते काम. त्यात खोली कमी, रेषा ठसठशीत आणि हालचाल जबरदस्त. जॅगर यांनी ती भाषा उचलली आणि विसाव्या शतकाच्या यंत्रयुद्धासाठी वापरली.

उठावशिल्पावर ऊन तिरपं पडलं की आकृत्या जिवंत होतात आणि ऊन समोरून आलं की पुसट होतात. लेण्यांमध्ये आपण हे अनुभवलेलं असतं. लंडनच्या ढगाळ दुपारी गेलात तर ही शिल्पं सपाट आणि निरस वाटतील. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जावं.

भिंतीवर कोरलेल्या लेखात मेलेल्यांची संख्या शब्दांत लिहिली आहे आणि युद्धाची वर्षं 1914 ते 1919 अशी दिली आहेत. आपण पाठ केलेलं असतं 1918. तोफा थांबल्या नोव्हेंबर 1918 मध्ये, पण व्हर्सायचा तह झाला 1919 मध्ये. ब्रिटनमधल्या बऱ्याच स्मारकांवर असंच आहे.

उत्तरेच्या टोकाला

आता चौथी बाजू. दक्षिण, पूर्व, पश्चिम, तिन्हीकडे उभी माणसं. उत्तरेला वळलं की नजरेच्या पातळीवर काहीच दिसत नाही. खाली बघावं लागतं. तिथे एक सैनिक पाठीवर आडवा पडलाय. अंगावर त्याचाच ओव्हरकोट टाकलेला, तोंडावरूनही ओढून घेतलेला. छातीवर लोखंडी टोप ठेवलेला. कोटाच्या खालून जडशीळ बूट बाहेर आलेत. चेहरा दिसत नाही. दिसत नाही म्हणून तो कोणाचाही असू शकतो.

मी तिथे बराच वेळ उभा होतो. कोट त्याने स्वतः पांघरलेला नाही, हे कपड्याच्या पडण्यावरून कळतं. दुसऱ्या कोणीतरी, घाईत, पण मायेने टाकलाय. टोपही कोणीतरी उचलून छातीवर ठेवलाय. तो ‘कोणीतरी’ स्मारकात कुठेच नाही आणि तरीही त्याचे हात तिथे आहेत. आणि उत्तर बाजू म्हणजे लंडनमध्ये सावलीची बाजू. सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे या माणसावर तोफेची आणि चौथऱ्याची सावली बहुतेक वेळ असतेच.

हा चौथा पुतळा मूळच्या योजनेत या रूपात नव्हता. जॅगर यांनी तो मागाहून सुचवला. समितीतल्या काहींना तो खटकणार, मेलेल्यांच्या घरच्यांना बघवणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्याचा वाढीव खर्च आपण स्वतः सोसतो, असंही ते म्हणाले. इतका त्यांचा त्यावर जीव होता. ब्रिटिश युद्धस्मारकांवर त्या काळी मेलेला माणूस दाखवत नसत. धीरोदात्त शिपाई चाले, शोकमग्न देवता चाले, प्रेत चालत नसे. आपल्या भाषेतही आपण ‘मेला’ म्हणायचं टाळतो. धारातीर्थी पडला, कामी आला, वीरगती मिळाली. जॅगर यांनी हे सगळे शब्द बाजूला सारून नुसतं शरीर ठेवलं.

त्याच्या खाली एक ओळ कोरली आहे, शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फिफ्थ’ या नाटकातली. लढाई जिंकल्यावर राजा मेलेल्यांची यादी ऐकतो तेव्हा उच्चारतो ती. मराठीत सांगायचं तर ‘इथे मृत्यूची राजेशाही संगत जमली होती’ असा तिचा भाव. रॉयल आर्टिलरीतला ‘रॉयल’ हा शब्द त्या ओळीत येतो, पण मरणाच्या संगतीत येतो.

त्या काळच्या घरांना या पुतळ्याची गरज का होती, तेही सांगितलं पाहिजे. महायुद्धात मेलेल्या सैनिकांना ब्रिटनने मायदेशी आणलं नाही. श्रीमंत असो की गरीब, जिथे पडला तिथेच पुरायचा, असा सरकारचा निर्णय होता. मागे राहिलेल्या आईला, बायकोला अंत्यदर्शन नाही, डोकं टेकवायला थडगं नाही. कित्येकांचं तर शरीरही सापडलं नव्हतं. अशा माणसांना लंडनच्या चौकात पहिल्यांदा एक देह दिसला, नीट झाकलेला, कोणीतरी काळजी घेतलेला.

हे बघताना मला आपले वीरगळ आठवले. गावाच्या वेशीवर, देवळाच्या मागे शेंदूर फासलेले किंवा तसेच पडलेले ते उभे दगड. बोरिवलीजवळच्या एकसर गावात तर आरमारी लढाई कोरलेले वीरगळ आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या चौकटीत वीर मरून पडलेला, त्यावर लढाई, त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताना, वर शिवपिंडीची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर ही कीर्ती राहील. जॅगर यांनी वीरगळ पाहिला असेल असं मुळीच नाही. पण त्यांचं स्मारक उत्तरेकडून खालून वर वाचलं तर क्रम तोच लागतो. खाली मेलेला माणूस, मग भिंतींवर लढाई. आणि त्यावर, जिथे आपल्या पूर्वजांनी स्वर्ग कोरला असता, तिथे तोफ. या माणसांना नेण्यासाठी कोणी अप्सरा आलेली नाही. सगळं वजन अजून त्यांच्या डोक्यावरच आहे.

लोकांना काय वाटलं

स्मारक उघडलं तेव्हा टीका जोरात झाली. तोफ कुरूप आहे, बसलेल्या बेडकासारखी दिसते, इथपर्यंत बोलणी झाली. शहराच्या देखण्या भागात मृत्यूचं यंत्र कशाला, असाही सूर होता. पहिल्या महायुद्धात सर्वाधिक माणसं तोफगोळ्यांनीच मेली, त्यामुळे तोफ पाहून अंगावर काटा येणारे अनेक जण शहरात असणारच. दुसरीकडे, युद्धातून परतलेल्या सैनिकांना ते आपलं वाटलं. 1926 मध्ये जॅगर यांना ब्रिटिश शिल्पकार संस्थेचं सुवर्णपदक मिळालं. 1934 मध्ये, पन्नाशीही न गाठता, ते गेले. 2014 मध्ये या स्मारकाला वारसा वास्तूंमधला सर्वोच्च दर्जा देण्यात आला.

दुसऱ्या महायुद्धानंतर तोफखान्याच्या आणखी 29,924 मृतांसाठी काय करायचं, हा प्रश्न आला. मूळ रचनेला हात न लावता तिच्या पायथ्याशी ब्राँझचे तीन पट्ट बसवले आणि 29 मे 1949 रोजी राजकन्या एलिझाबेथ यांनी त्यांचं अनावरण केलं. पट्ट साधे आहेत, त्यांवर फार बोलण्यासारखं काही नाही. पण पंचवीस वर्षांत दुसरी यादी जोडावी लागली, हे त्या जागी उभं राहिल्यावर जाणवतं.

जॅगर यांचं काम आपल्या देशातही आहे. राष्ट्रपती भवनातले दगडी हत्ती त्यांचे. इंडिया गेटसमोरच्या छत्रीत पूर्वी पंचम जॉर्जचा जो पुतळा होता, तो त्यांनीच घडवायला घेतला होता, त्यांच्या मृत्यूनंतर इतरांनी पुरा केला. आज तो दिल्लीच्या कॉरोनेशन पार्कात आहे आणि छत्रीत सुभाषचंद्र बोस आहेत. आणखी एक काम होतं, सुएझ कालव्याच्या तोंडाशी, पोर्ट तौफिकला. पहिल्या महायुद्धात इजिप्त आणि पॅलेस्टाइनच्या मोहिमांत मेलेल्या, भारतीय सैन्यातल्या जवळजवळ चार हजार जणांचं स्मारक. त्यासाठी जॅगर यांनी दोन वाघ घडवले होते. 1967 नंतरच्या अरब-इस्रायल संघर्षात कालव्याच्या दोन्ही काठांवरून तोफा डागल्या गेल्या आणि ते स्मारक उद्ध्वस्त झालं. ती नावं आता कैरोजवळच्या हेलिओपोलिसच्या दफनभूमीत पुन्हा कोरली आहेत. वाघ तिथे नाहीत.

लंडनला जाणं झालं तर हाइड पार्क कॉर्नर स्टेशनवर उतरा. वेलिंग्टनची कमान शोधा, स्मारक तिथून हाकेच्या अंतरावर आहे. बहुतेक लोक दक्षिणेकडून येतात, अधिकाऱ्यापाशी फोटो काढतात आणि निघून जातात. तुम्ही उत्तरेकडून सुरुवात करा. मी गेलो त्या दिवशी तिथे कोणीच नव्हतं. ब्राँझच्या कोटाच्या एका घडीत पावसाचं पाणी साचलेलं होतं आणि बाजूने जाणाऱ्या बसच्या आवाजाने ते मधूनमधून थरथरत होतं.